कतारच्या पाइप वेल्डर भरतीची तयारी: भोसरीच्या वर्कशॉपमधल्या प्रकल्प नोंदी

काम: कतारमधल्या रास लफान औद्योगिक नगरीत पाइपिंग करणाऱ्या ठेकेदारासाठी पाइप वेल्डरांची ट्रेड टेस्ट आणि क्लायंट इंटरव्ह्यू. चाचणी २७ सप्टेंबरला नवी मुंबईत. नोंदी दोन इन्स्ट्रक्टर मिळून ठेवतात. उमेदवारांची, एजन्सीची आणि कंपनीची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

८ सप्टेंबर २०२५, सोमवार
रिक्वायरमेंट नीट वाचणे

एजन्सीकडून व्हॉट्सॲपवर आलेली ओळ: "पाइप वेल्डर, टिग अधिक आर्क, ६जी, सीएस, रास लफान, अर्जंट." (टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आर्गॉन वायूत केलेलं वेल्डिंग, आर्क म्हणजे रॉडचं, ६जी म्हणजे ४५ अंशांत तिरका, न फिरणारा पाइप, सीएस म्हणजे कार्बन स्टील.) एवढ्यावर तयारीला बसलं तर निम्मी मेहनत भलत्याच पाइपवर जाते. फोन करून विचारून घेतलं: पाइप कुठला, किती जाड, कुठले पास (वेल्डचे थर) कशाने, तपासणी कशी, मशीन कसलं, ग्राइंडर कुठपर्यंत चालतो, वेळ किती.

मिळालेली उत्तरं: ६ इंची पाइप, शेड्यूल (पाइपच्या जाडीचा क्रमांक) १६०, मटेरियल ए१०६ ग्रेड बी (कार्बन स्टील). रूट (तळाचा पहिला थर) आणि हॉट पास (त्यावरचा दुसरा) टिगने, फिलिंग (मधली भर) आणि कॅपिंग (सगळ्यात वरचा थर) ई७०१८ रॉडने, खालून वर. आधी डोळ्यांनी तपासणी, त्यात पास झालेल्या कूपनचा (चाचणीच्या जॉइंटचा) एक्स-रे. मशीन रेक्टिफायर, टिगची टॉर्च व्हॉल्व्हची, म्हणजे गॅस हाताने उघडायची. कॅपवर ग्राइंडर बंद.

शेड्यूल १६० कशाला, हा प्रश्न बॅचमध्ये लगेच आला. ६ इंची शेड्यूल १६० ची जाडी १८.२६ मिमी. ॲस्मी सेक्शन ९ (वेल्डरच्या पात्रतेचे अमेरिकी नियम) प्रमाणे वेल्डरने एका प्रोसेसने १३ मिमी किंवा जास्त, किमान तीन थरांत भरलं, तर त्या प्रोसेससाठी त्याला जाडीची मर्यादा राहत नाही. त्याहून कमी भरलं तर जेवढं भरलं त्याच्या दुपटीपर्यंतच तो क्वालिफाय होतो. म्हणजे टिगचे दोन पास मिळून ५ मिमीच्या आत ठेवले, की आर्कचा भाग १३ मिमीच्या वर जातो आणि कंपनीला एकाच कूपनवर कुठल्याही जाडीला चालणारा आर्क वेल्डर मिळतो. हॉट पास जाड करून टिगचे सात-आठ मिमी भरून ठेवणारा वेल्डर जॉइंट सुंदर काढेल, पण कंपनीच्या हिशेबात अर्धा पडेल. त्यामुळे वर्कशॉपच्या फळ्यावर पहिली ओळ लिहिली: टिग ५ मिमीपर्यंतच.

व्यासाचं गणित वेगळं. ६ इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिमी. ७३ मिमीच्या वरच्या कूपनवर पास झालेला वेल्डर ७३ मिमी आणि त्यावरच्या सगळ्या पाइपला चालतो, २ इंची पाइपला (६०.३ मिमी) चालत नाही. लहान पाइपचं काम असेल तर क्लायंट २ इंची कूपनही मागतो. या वेळी मागितलेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
एजन्सी आणि पासपोर्ट

टॉर्च हातात घेण्याआधी एजन्सीचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटच्या (परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी) संकेतस्थळावर टाकून पाहिला. परवाना चालू आहे, पत्ता जुळतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटलाच परदेशी नोकरीसाठी माणसं भरता येतात आणि त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, पावतीवर घ्यायचे असतात. "सर्व्हिस चार्ज वेगळा, व्हिसाचे पैसे वेगळे" असं कानावर आलं की तिथेच थांबायचं.

बॅचमधल्या काही जणांचे पासपोर्ट ईसीआर (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारे) आहेत. त्याचं कारण सरळ आहे: आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, त्याला आठवी पास चालतो, आणि पुढे दहावी न केलेल्याला ईसीआर शिक्का मिळतो. कतार हा ईसीआरच्या १८ देशांपैकी एक, म्हणून या मुलांना उत्प्रवासन मंजुरी लागणार. ज्यांनी नंतर १७ नंबर फॉर्म भरून दहावी केली पण पासपोर्ट बदलला नाही, त्यांना पासपोर्ट दुरुस्तीसाठी लगेच अर्ज करायला सांगितलं. सिलेक्शननंतर केला तर फ्लाइट पुढे जाते.

११ सप्टेंबर, गुरुवार
माल

एका पूर्ण कूपनला काय लागतं त्याचा हिशेब आधीच मांडला, कारण शेड्यूल १६० चा पाइप रद्दीच्या भावात मिळत नाही.

बेव्हल (पाइपच्या कडेचा तिरका काप) दोन्हीकडे ३७.५ अंश, गॅप ३ मिमी धरला तर सांध्यात सव्वा किलोच्या आतबाहेर धातू जातो. टिगचे दोन पास २.४ मिमी तारेच्या तीन-चार नगांत होतात. बाकीचं आर्कने: स्टब आणि स्लॅगचं नुकसान धरून दीड ते पावणेदोन किलो रॉड. म्हणजे एकेकाला रोज पूर्ण जॉइंट देणं परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. जॉइंट फेल होतो तो रूटमध्ये. म्हणून रूटचा सराव शेड्यूल ४० च्या (७.११ मिमी) रिंगांवर. रिंग १०० मिमी लांबीच्या. रूट मारून आतून तपासायचा, कापून काढायचा, बेव्हल पुन्हा काढायचा. पूर्ण जाडीचे जॉइंट फक्त शेवटच्या टप्प्यात.

तार ईआर७०एस-२, टंगस्टन २.४ मिमी, आर्गॉन ९९.९९५ टक्के शुद्धतेचा. रॉड २.५ आणि ३.१५ मिमी.

रॉडबद्दल एक गोष्ट सप्टेंबरात फार जपावी लागते. हवा अजून ओली आहे. ई७०१८ उघड्या पाकिटात एक रात्र राहिला की सकाळी पहिल्या इंचातच बारीक भोकं. ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास बेकिंग, नंतर १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये, तिथून क्विव्हरमध्ये (रॉड गरम ठेवणाऱ्या विजेच्या डब्यात), आणि हातात एका वेळी चार-पाचच. क्विव्हरची वायर लावलीच नाही, नुसता डबा म्हणून वापरला, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. तसा क्विव्हर असून नसल्यासारखाच.

१३ सप्टेंबर, शनिवार
फिटअप (पाइपचे तुकडे जुळवणे)

बेव्हल ३७.५ अंश, रूट फेस (कडेचा न कापलेला सपाट भाग) १.५ मिमी, गॅप ३ ते ३.२ मिमी. टॅक (तुकडे जागी धरणारा छोटा टाका) थंड होताना गॅप ओढून घेतो, म्हणून टॅकच्या आधी गॅप थोडा मोकळा ठेवायचा: ३.२ मिमीची तार वाकवून मध्ये धरायची, टॅक झाल्यावर चारही बाजूंना त्याच तारेने परत मोजायचं. तार कुठे अडकत असेल तर तिथे रूट आत उतरणार नाही हे गृहीत धरा. "मारताना बघू" म्हणणाऱ्याचा गॅप मारताना आणखी बंद होतो.

आत-बाहेर २५ मिमीपर्यंत पाइप चकचकीत करायचा. आतली बाजू पुष्कळ जण विसरतात. तिथला गंज आणि तेल रूटच्या वितळलेल्या धातूत जातं आणि एक्स-रेवर भोकांची माळ दिसते.

हाय-लो (दोन कडांच्या पातळीतला फरक) १.५ मिमीच्या आत. एकाच पाइपचे दोन तुकडे असले तरी गोलाई थोडी वाकडी असतेच, म्हणून एक तुकडा फिरवून जिथे कडा सगळ्यात चांगल्या जुळतात तिथे टॅक. टॅकची दोन्ही टोकं ग्राइंडरने पातळ, निमुळती करायची. जाड टोकावर रूट चढवला तर तिथे फ्यूजन होत नाही.

कूपन ४५ अंशांवर बसवलं की १२ वाजताची (पाइपचा गोल घड्याळ धरला तर सगळ्यात वरच्या जागेची) खूण खोल मार्करने करायची. चाचणीत पाइप फिरवला की बाद, आणि तपासनीस खूण बघूनच ठरवतात. उंची आज एकदा कमरेएवढी आणि एकदा खांद्याच्या वर ठेवून मारायला लावलं. स्वतःच्या सोयीच्या उंचीवर सराव केलेला वेल्डर सेंटरच्या स्टँडवर चाचपडतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार
रूट

सगळी चाचणी इथे ठरते, म्हणून नोंद लांब आहे.

सेटिंग: डीसी, टॉर्च निगेटिव्हला, ९० ते १०५ ॲम्पिअर, आर्गॉन मिनिटाला ८ ते १२ लिटर. फ्लो वाढवला की संरक्षण वाढतं ही समजूत खोटी. १५ च्या वर गेलं की कपाच्या (टॉर्चच्या पुढच्या नळीच्या) तोंडाशी गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. पंखा बंद. शटर अर्धं खाली.

सुरुवात ६ वाजता, थोडी पलीकडच्या बाजूने, आणि वर १२ पर्यंत. मग दुसरी बाजू.

६ वाजताची जागा सगळ्यात वाईट. पाइपच्या तळाशी वितळलेला धातू वेल्डरकडे, म्हणजे खाली लोंबतो आणि आतून रूट खोलगट होतो. बाहेरून पाहिलं तर मणी एकदम छान, आत विजेरी मारली की खड्डा. उपाय करंट वाढवणं हा नाही, त्याने आणखी लोंबतो. तार गॅपमधून आत ढकलून पाइपच्या आतल्या कडेशी वितळवायची, आर्क अगदी आखूड, आणि हात पुढे सरकता. आज ज्यांचा तळ खोलगट आला त्यातल्या बहुतेकांची तार बाहेरच्या बाजूने, कीहोलच्या (वितळताना पुढे उघडणाऱ्या भोकाच्या) तोंडाशी वितळत होती.

१२ वाजता उलटं. तिथे धातू आत पडतो, आतून थेंब लोंबतात. वर पोचता पोचता पाइप तापलेला असतो, म्हणून वेग थोडा वाढवायचा आणि तार कमी द्यायची. आतली उंची १ ते १.५ मिमी हवी.

६जी चा तिसरा त्रास बाजूला, साधारण ३ आणि ९ वाजता. पाइप तिरका असल्याने धातू खालच्या बेव्हलकडे वाहतो, वरच्या कडेला अंडरकट (न भरलेली खाच) राहतो. टॉर्च वरच्या कडेवर क्षणभर जास्त थांबली पाहिजे. कप टेकवून चालवणाऱ्यांना हे सोपं जातं, हात मोकळा ठेवणाऱ्यांना जमवायला वेळ लागतो. दोन्ही पद्धती चालतात. क्लायंटला पद्धतीशी देणंघेणं नाही, तेव्हा ऐनवेळी पद्धत बदलू नये.

व्हॉल्व्हच्या टॉर्चवर आर्क घासून लागतो आणि करंट हळूहळू उतरत नाही. कंपनीत हाय फ्रिक्वेन्सीच्या (न घासता आर्क लागणाऱ्या) मशीनवर काम केलेल्यांना इथे दोन गोष्टी नडतात. एक, घासताना टंगस्टनचं टोक तुटून पुडलमध्ये (वितळलेल्या धातूत) राहतं. एक्स-रेच्या फिल्मवर तो ठिपका लख्ख पांढरा दिसतो, लपत नाही. टोक चिकटलं की थांबायचं, ती जागा ग्राइंड करायची, टंगस्टन पुन्हा घासायचा. दोन, आर्क जागच्या जागी तोडला की क्रेटरमध्ये (थांबल्या जागी) खड्डा किंवा बारीक चीर. आर्क रूटवरून उचलून बेव्हलच्या भिंतीवर नेऊन तोडायचा, आणि टॉर्च तिथेच धरून पाच-सहा सेकंद गॅस सोडायचा. तारेचं तापलेलं टोक गॅसच्या बाहेर आलं असेल तर पुढच्या सुरुवातीआधी कापून टाकायचं.

जोडाची जागा: जिथे थांबलो ती शेवटची १० ते १२ मिमी निमुळती घासायची, थोडं मागून आर्क लावायचा, कीहोल पुन्हा उघडलं की मगच तार. आज आतून पाहिलेल्या रिंगांमध्ये अर्धवट उतरलेला रूट जवळजवळ दर वेळी अशाच जोडाशी होता. सलग पट्ट्यात फारसा दोष नाही. म्हणून उद्या मुद्दाम दर ५० मिमीला थांबायला लावायचं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
हॉट पास, फिलिंग, कॅप

हॉट पास ११० ते १२५ ॲम्पिअर. काम एवढंच की रूटच्या दोन्ही कडांचे खोबणीसारखे कोपरे वितळून जावेत. इथेच टिगची जाडी मोजली, ५ च्या वर गेलेल्यांना थांबवलं.

आर्कचा पहिला थर २.५ मिमीच्या रॉडने, ७५ ते ८५ ॲम्पिअर, रॉड पॉझिटिव्हला. नंतर ३.१५ मिमी, १०५ ते ११५. रॉड लावताना सुरुवातीच्या जागेच्या १० मिमी पुढे आर्क काढून मागे यायचं, म्हणजे सुरुवातीची भोकं पुढे जाताना पुन्हा वितळतात. प्रत्येक थराचा जोड आधीच्या थराच्या जोडापासून लांब. स्लॅग चिपिंग हॅमरने काढून पॉवर ब्रश. कडेला काळी रेघ दिसत असेल तर तो स्लॅगच आहे, पुढच्या रॉडने वितळेल अशी आशा धरू नये.

फिलिंग पाइपच्या पृष्ठभागाच्या १ ते १.५ मिमी खाली थांबवायचं आणि बेव्हलच्या कडा शाबूत ठेवायच्या. कॅपिंगला तीच कड रेघ म्हणून वापरायची असते. कॅप सरळ मण्यांनी, खालच्या बाजूने सुरू करून वर चढत, प्रत्येक मणी आधीच्यावर निम्मा. उंची दोन मिमीच्या आसपास, तीनच्या वर नाही. शेवटच्या वरच्या मण्याला अंडरकट येतो, तो आधीच्या मण्यांपेक्षा पाच-सात ॲम्पिअर कमी करून मारावा.

खोबणीच्या बाहेर पाइपवर आर्क लागला की व्हिज्युअलमध्येच बाद. आर्क काढायची जागा कायम सांध्याच्या आत.

२० सप्टेंबर, शनिवार
एक्स-रे

पूर्ण जाडीचे जॉइंट बाहेरून आरटी (एक्स-रे तपासणी) करून आणले. फिल्म लाइटबॉक्सवर सगळ्यांनी पाहिली, कारण क्लायंटसमोर "माझा जॉइंट पास होता" म्हणणाऱ्याला फिल्म वाचता आली पाहिजे.

सेक्शन ९ ची हद्द कडक आहे. चीर, फ्यूजन न होणं, रूट न उतरणं यांना माफी शून्य. लांबट स्लॅग १८.२६ मिमी जाडीला तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण ६ मिमीपर्यंत चालतो. गोल भोक ३ मिमीपर्यंत. एका फिल्मवर रूटच्या मध्यातून सरळ काळी रेघ होती, तळाच्या जोडाशी, पेन्सिलीने ओढल्यासारखी. दोन्ही कडा धारदार, रुंदी गॅपएवढीच. हा स्लॅग नाही, न उतरलेला रूट आहे. स्लॅगची कड वेडीवाकडी असते. तोंडी परीक्षेत हा फरक विचारला जातो.

२२ सप्टेंबर, सोमवार
बायोडेटा आणि तोंडी

बायोडेटा एका पानाचा. "कष्टाळू, प्रामाणिक, टीमवर्क" या ओळी काढून टाकल्या. त्याऐवजी तक्ता: प्रोजेक्ट, ठेकेदार, महिना-वर्ष, मटेरियल, पाइपचा इंच आणि शेड्यूल, प्रोसेस, पोझिशन. शेवटची तारीख महत्त्वाची, कारण सहा महिने एखादी प्रोसेस वापरली नाही तर त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं. मधला रिकामा काळ शेतीत किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात गेला असेल तर तसंच लिहावं. गेट-ग्रिल केलं हे लपवून रिफायनरी लिहिली, की "तिथे पाइपचं शेड्यूल काय होतं" या एका प्रश्नात उघडं पडतं.

मुलाखत हिंदी-इंग्रजी मिसळून होते. समोर भारतीय क्यूसी (गुणवत्ता तपासणारा) असू शकतो, फिलिपिनो किंवा इजिप्शियन वेल्डिंग इन्स्पेक्टरही असू शकतो. इंग्रजी बोलण्याचा क्लास लावायची गरज नाही, पण आकडे, भाग आणि दोषांची नावं इंग्रजीत अडखळता कामा नयेत. वेल्डरला त्यातली निम्मी आधीच येतात.

आज समोर बसवून घेतलेल्या सरावातला एक तुकडा:

"करंट कितना रखते हो?"
"सेट करून घेतो सर."

इथे मुलाखत संपल्यात जमा आहे. हाच वेल्डर मशीनवर बरोबर ९५ वर येतो, पण आकडा कधी बोलून दाखवलेला नाही. दुसऱ्या वेळी: "टिग रूट, नाइन्टी टू हंड्रेड फाइव्ह, डीसी, टॉर्च निगेटिव्ह. मशीन का मीटर ठीक नहीं हो तो स्क्रॅप प्लेट पे चेक करता हूँ." समोरच्याला हवं होतं ते सगळं यात आलं.

ठरलेले प्रश्न आणि अपेक्षित उत्तर, थोडक्यात:

रॉड बेक का करतात? ओलावा काढण्यासाठी, ओलाव्यातून हायड्रोजन येतो आणि वेल्ड थंड झाल्यावर, कधी तासांनी, चीर पडते. नुसतं "पोरोसिटी येते" हे अर्धं उत्तर.

डब्ल्यूपीएस म्हणजे काय? या जॉइंटला कुठला रॉड, किती करंट, किती गॅप, किती तापमान हे लिहिलेला कागद. पुढचा प्रश्न हमखास: फोरमनने वेगळं सांगितलं तर? उत्तर: डब्ल्यूपीएसप्रमाणे करणार, फोरमनला क्यूसीशी बोलायला सांगणार. इथे "फोरमन बोले तैसा करेंगे" म्हणून खूश करायला जाणारे बरेच असतात.

दिवसाला किती काम? याचं उत्तर इंच-डायात द्यायचं. ६ इंची एक जॉइंट म्हणजे ६ इंच-डाया, दोन इंची तीन जॉइंटही तेवढेच. जाडी आणि प्रोसेस सांगितल्याशिवाय आकडा सांगू नये.

सुरक्षितता. नॉर्थ फील्डच्या (रास लफानला वायू पुरवणाऱ्या क्षेत्राच्या) वायूत विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो, त्यामुळे हा विषय टाळला जात नाही. हॉट वर्क परमिट (ठिणगीच्या कामाचा परवाना), गॅस टेस्ट, फायर वॉच (आगीवर लक्ष ठेवणारा माणूस). अलार्म वाजला की काम सोडायचं, वाऱ्याची दिशा बघून आडवं किंवा वाऱ्याच्या विरुद्ध निघायचं. वास येतोय का बघून ठरवतो, असं म्हणणारा थेट नापास. हा वायू जास्त झाला की नाकाला वास यायचाच बंद होतो.

२४ सप्टेंबर, बुधवार
पगार

मुलाखतीच्या शेवटी पगार विचारतात, आणि इथे वेल्डर एकच आकडा धरून बसतो: एकूण किती. बेसिक किती हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. फळ्यावर दोन नमुने मांडले.

पहिली ऑफर: बेसिक १,८०० रियाल. महिना ३० दिवस, दिवस ८ तास धरला तर तास ७.५० रियाल. कतारच्या कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम बेसिकच्या किमान सव्वापट, म्हणजे तासाला ९.३७. रोज दोन तास, २६ दिवस, ५२ तासांचे ४८७.५०. एकूण सुमारे २,२८७.

दुसरी ऑफर: "२,३०० रियाल, दोन तास ओव्हरटाइम धरून", आणि बारीक अक्षरात बेसिक १,०००. दिसायला दुसरी तेरा रियालने जास्त. पण ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, वर्षाला किमान तीन आठवड्यांची. दोन वर्षांच्या कराराला पहिलीत २,५२० रियाल, दुसरीत १,४००. रजेचा पगार आणि ठरलेल्या दोन तासांवरचा ओव्हरटाइम यांचाही हिशेब असाच घसरतो.

१,००० हा बेसिकचा कायदेशीर तळ आहे: २०२१ पासून कतारमध्ये किमान १,००० बेसिक, राहण्याची सोय नसेल तर ५००, जेवणाची नसेल तर ३००. सहा इंची एक्स-रे पास वेल्डरने त्या तळावर सही करायचं कारण नाही. विचारायचं हेही: जेवण कॅम्पमध्ये की पैसे, परतीचं तिकीट कधी, प्रोबेशन किती. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरचं काम बंद असतं, त्या दिवसांत शिफ्ट कशी लागते हेही.

२७ सप्टेंबर, शनिवार
चाचणी

पिशवीत दिलेलं: स्वतःचं हेल्मेट आणि तपासलेली काच, टिगचे पातळ आणि आर्कचे जाड हातमोजे, घासलेले टंगस्टन, ३.२ मिमीची वाकवलेली तार, छोटा आरसा, विजेरी, वायर ब्रश, फाईल. मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स. मूळ पासपोर्ट दाखवायचा, कुणाच्या ताब्यात ठेवून यायचा नाही.

सेंटरमध्ये रॉडचं पाकीट टेबलावर उघडं होतं. आपल्या मुलांनी ओव्हनमधला रॉड मागितला. तपासनीसाने काही न बोलता होल्डिंग ओव्हनकडे बोट केलं आणि कागदावर खूण केली. मागितला नसता तरी कुणी अडवलं नसतं.

मशीनवर मीटर नव्हता, नुसता दांडा. स्क्रॅपवर सेट करून घ्यायला लागली पाच मिनिटं, ती सगळ्यांनी घेतली. स्टँड छातीच्या वर, म्हणून १२ वाजताचा भाग पायाखाली ठोकळा घेऊन मारावा लागला. रूट झाल्यावर तपासनीसाला बोलावून आतून दाखवायचा होता. इथे दोघे थांबवले गेले, दोन्हीही तळाशी खोलगट. बाकीचे पुढे गेले. व्हिज्युअलमध्ये एक बाद, वरच्या मण्याच्या अंडरकटवर.

तोंडी आठ-दहा मिनिटांची. अपेक्षेबाहेरचा एकच प्रश्न: स्टेनलेसच्या रूटला आतून काय करता? रिक्वायरमेंट फक्त कार्बन स्टीलची असल्याने हा भाग तयारीत नव्हता. पाइप दोन्हीकडून बंद करून आत आर्गॉन भरणं, आतली हवा आर्गॉनने पुरती बदलेपर्यंत थांबणं, आतला रंग चंदेरी ते फिका पिवळसर राहायला हवा, काळा-करडा झाला तर रूट जळला. पुढच्या बॅचला हे पहिल्याच आठवड्यात.

७ ऑक्टोबर, मंगळवार
ऑफर आणि कागद

एक्स-रेचे निकाल आले, सिलेक्शनची यादी आली. ऑफर लेटर हातात पडल्यावर तीन कागदांतला पगार, पद आणि कामाचं ठिकाण शब्दाशब्दाने जुळवायचं: ऑफर लेटर, ई-मायग्रेटवरचा करार, आणि मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये सही होणारा करार. बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी आणि ती सही एकाच सेंटरमध्ये होते. सही करायच्या क्षणी स्क्रीनवर "पाइप वेल्डर" ऐवजी "लेबर" किंवा १,८०० ऐवजी १,००० दिसलं तर सही करायची नाही, बाहेर येऊन एजन्सीला फोन करायचा. तिथे जाऊन दुरुस्त करू, हे आश्वासन फुकट असतं.

छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग आडवा येतो. ज्यांना पूर्वी उपचार झालेत त्यांनी आधी इथेच एक्स-रे काढून पाहावा, निदान पैसे भरण्याआधी कळतं.

ईसीआर पासपोर्टवाल्यांसाठी प्रवासी भारतीय बीमा योजना: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. करार दोन वर्षांचा असला तरी तीन वर्षांची घ्यायला सांगितलं; करार वाढतो, विमा आपोआप वाढत नाही. निघण्याआधी एक दिवसाचं मोफत पीडीओटी (परदेशी जाण्याआधीचं) प्रशिक्षणही आहे, ते चुकवू नये.

रूटवर थांबलेले दोघे वर्कशॉपमध्ये परत आले आहेत. त्यांना रिंगांवर फक्त ५ ते ७ वाजताचा पट्टा दिला आहे, बाकी पाइप बंद. दुसऱ्या एका क्लायंटची चौकशी आली आहे, या वेळी २ इंची डबल एक्स्ट्रा स्ट्राँग, जाडी ११.०७ मिमी, पूर्ण टिग. जाडी १३ च्या आत असल्याने त्या कूपनवर क्वालिफिकेशन दुपटीपर्यंतच, म्हणजे २२.१४ मिमीपर्यंत. व्यास मात्र २५ मिमीपासून पुढे सगळा मोकळा. पाइपची ऑर्डर दिली, तारेचा दोन किलोचा डबा वाढवून घेतला, आणि टॉर्चसाठी लहान कप मागवले.